व्हीपीने येणारी अमेरिका

मुलीकडे शिकागोजवळ येऊन तीन महिने झाले तरी दुपारी करायचं काय हा प्रश्न सुटलेला नाही. ती आणि जावई लॅपटॉपमध्ये, नातू शाळेत, टीव्हीचे रिमोट तीन आणि त्यातला आधी कुठला दाबायचा हे मला अजून कळत नाही. मग लायब्ररीत जातो. पंधरा मिनिटं चालायचं, आत एसी, काय पाहिजे म्हणून कोणी विचारत नाही. दाराशीच एक शेल्फ आहे, लायब्ररीने काढून टाकलेली पुस्तकं, एक डॉलर, दोन डॉलर. मी तिथे उभा राहून डॉलरचे रुपये करत बसतो, ती सवय आता जायची नाही.

परवा तिथे अमेरिकेच्या इतिहासाचे चार ठोकळे होते. सिव्हिल वॉर, सिव्हिल वॉर, रूझवेल्ट, परत सिव्हिल वॉर. आपलं जसं पानिपत, संपतच नाही. आणि त्यांच्याखाली दबलेला, पोस्टाने माल विकणाऱ्या सीअर्स रोबक कंपनीचा १९०२ चा कॅटलॉग! म्हणजे मूळ नाही, १९६९ साली जसाच्या तसा परत छापलेला. दोन डॉलर टाकले आणि उचलला, घरी येईपर्यंत हात भरून आले.

इतिहासाचं पुस्तक मी सरळ कधी वाचलेलं नाही, आधी मागची सूची, मग किंमत, मग प्रकाशकाची इतर पुस्तकं कुठली ते, आणि तेवढ्यात कंटाळा येतो. शाळेत अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध म्हणजे कारणे व परिणाम, पाच मार्क. बोस्टनच्या समुद्रात चहा फेकला हे ऐकून आजी हळहळली होती, 'किती तो चहा' म्हणाली, मला आठवतंय ते एवढंच.

कॅटलॉगचं मात्र तसं नाही, रात्री एक वाजेपर्यंत वाचत होतो. सप्टेंबर १९०१ मध्ये बफेलोला प्रेसिडेंट मॅकिन्लीला गोळी घातली, हे इतिहासात. कॅटलॉगमध्ये त्याचा पत्ताच नाही. तिथे आहेत घोड्याचे लगाम, शेगड्या, कॉर्सेट, बंदुका, रंग उजळायला आर्सेनिकच्या वड्या (हो, आर्सेनिकच्या, खायच्या) आणि पुरुषांनी कमरेला बांधायचा विजेचा पट्टा, हायडेलबर्ग नावाचा, भारीतला १८ डॉलरला. कशासाठी ते नातवासमोर सांगता येणार नाही. ह्याच कंपनीच्या १८९७ च्या कॅटलॉगमध्ये लॉडनम, म्हणजे अफूचा अर्क विकायला आणि पाच वर्षांनी ह्याच्यात अफूची सवय सोडवायचं औषध विकायला. धंदा म्हणजे धंदा! थडग्याचे दगडसुद्धा विकायचे म्हणे. १९०८ पासून तर अख्खी घरं, रेल्वेच्या वॅगनमधून लाकूड, खिळे, दारं-खिडक्या यायच्या आणि आपण जोडायचं, १९४० पर्यंत सत्तर हजारांच्या वर विकली.

हे सगळं पोस्टाने मागवायचं म्हटल्यावर मला आमचे आजोबा आठवणारच.

आजोबांना व्हीपीचं वेड होतं, म्हणजे पार्सल दारात आल्यावर पोस्टमनला पैसे द्यायचे आणि माल घ्यायचा. मासिकाच्या शेवटच्या पानावर जाहिरात असायची, 'पैसे आगाऊ पाठवू नका, माल व्हीपीने पाठवू', बस, आजोबा कार्ड लिहायला बसलेच. एकदा हातशिलाईचं मशीन मागवलं. चित्रात ते जवळजवळ आजीच्या मशीनएवढं दिसत होतं. पोस्टमन पार्सल घेऊन आला तेव्हा निम्मी आळी ओट्यावर जमली, आजोबांनी पैसे मोजून दिले, सुतळी कापली नाही, गाठ सोडवली, आणि आतून निघालं तळहातावर मावेल असं एक चिमटा-छाप प्रकरण. ते दोन टाके घालायचं आणि तिसऱ्याला पहिले दोन उसवायचं. आजी काही बोलली नाही. तिने ते पापडाच्या डब्याचं झाकण उघडायला वापरलं, बरीच वर्षं.

सीअर्सची सुरुवात पण अशाच पार्सलातून झाली. रिचर्ड सीअर्स मिनेसोटात नॉर्थ रेडवूड स्टेशनवर एजंट होता, १८८६ मध्ये एका जवाहिऱ्याने आलेली घड्याळं घ्यायला नकार दिला, ह्याने ती उचलली आणि लाईनवरच्या दुसऱ्या स्टेशन एजंटांना विकून टाकली. पुढे घड्याळं दुरुस्त करायला रोबक आला. त्याने १८९५ मध्ये आपला हिस्सा पंचवीस हजार डॉलरला देऊन टाकला, म्हणजे आमच्यातलाच माणूस वाटतो. ऑर्डर कशी द्यायची ह्याच्या सूचना मी सगळ्यात आवडीने वाचल्या. अक्षर वाईट असलं तरी चालेल, कुठल्याही भाषेत लिहा, पत्र आणि पैसे टपालवाल्याच्या हातात दिले तरी तो मनिऑर्डर करून पाठवेल.

मला वाटलं नुसता गोडवा. जावई म्हणाला, बाबा, दक्षिणेत हे काळ्या लोकांच्या फार कामाचं होतं. गावात दुकान एकच, त्यात गोऱ्यांचं सगळं होईपर्यंत हे बाजूला उभे, उधारीवर काय द्यायचं तेही दुकानदार ठरवणार, आणि पुष्कळदा पोस्टही त्याच दुकानात. टपालवाल्याच्या हातात चिठ्ठी दिली की दुकानदाराचं तोंड बघायला नको, आणि शिकागोच्या ऑफिसात पत्राचा रंग कोणाला दिसणार? भाव सगळ्यांना तोच, पानावर छापलेला. काही गावांत दुकानदारांनी हे कॅटलॉग जमवून जाळले होते म्हणे.

त्यानंतर पुस्तक मिटून ठेवलं, झोप काही लागेना.

आजोबांकडे फॉर्म लिहून घ्यायला गावातली माणसं यायची. एक जण खालच्या आळीतून यायचा, लष्करात होता, सुट्टीवर आलेला. ओट्यावर बस म्हटलं तरी पायरीच्या खालीच उभा राहायचा, आजोबाही दुसऱ्यांदा म्हणायचे नाहीत. त्याला मनगटी घड्याळ हवं होतं, मुंबईहून, व्हीपीने. मी सात-आठ वर्षांचा असेन, जाहिरातीतलं चित्र त्याला मीच दाखवलं होतं, काळ्या पट्ट्याचं. तालुक्याला घड्याळांची दोन दुकानं होती, एसटीने अर्धा तास. पैसेही त्याच्या खिशात रोख होते, त्याने तिथेच जाऊन का नाही घेतलं हे मी आजोबांना कधी विचारलं नाही.