फोर्ट स्टिकीनच्या शोधात: भायखळा ते भाऊचा धक्का

१९४४ साली मुंबई बंदरात स्फोट होऊन फुटलेलं फोर्ट स्टिकीन जहाज जिथे उभं होतं, तो व्हिक्टोरिया डॉक बघायला म्हणून जाणार असाल, तर तो बेत सोडा. तो आणि शेजारचा प्रिन्सेस डॉक, दोन्ही कंटेनर ठेवण्यासाठी भरून टाकलेत. शिवाय बंदरात पासशिवाय प्रवेश नाही आणि गेटजवळ मोबाईल काढला की लगेच हटकतात.

सुरुवात भायखळ्याच्या अग्निशमन मुख्यालयापासून करा, तीही १४ एप्रिललाच. १९४४ साली याच दिवशी जहाज विझवताना गेलेल्या ६६ जवानांना तिथे मानवंदना देतात. देशभरचा अग्निशमन सेवा दिनही याच घटनेवरून आला. आंबेडकर जयंतीची सुट्टी असते, त्यामुळे आम्हाला यायला अडचण आली नाही. आत जाण्यापूर्वी पहारेकऱ्याला विचारा, एवढंच.

फोर्ट स्टिकीन हे कॅनडात १९४२ साली बांधलेलं मालवाहू जहाज. बर्कनहेडहून निघून कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईला लागलं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, सोन्याच्या विटा आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी. कापूस आणि स्फोटकं जहाजाच्या एकाच कप्प्यात! दोन दिवस झाले तरी स्फोटकं उतरली नव्हती. १४ तारखेला दुपारी धूर दिसला. इंजिन दुरुस्तीला खोललेलं, म्हणजे जहाज स्वतःहून समुद्रात जाणं शक्य नाही. ते बुडवावं का, बाहेर ओढावं का, यावर साहेब लोकांचं एकमत होईना आणि बंबवाले मात्र डेकवरून पाणी मारत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. जलपद्मा हे शेजारचं जहाज उचलून धक्क्यावर आदळलं. एका पारशी गृहस्थाच्या गॅलरीत सोन्याची वीट येऊन पडली, साधारण पावणेतेरा किलोची. शिमल्याच्या भूकंपमापकावरही धक्क्याची नोंद झाली. आठशेच्या वर माणसं गेली, त्यांतल्या कित्येक हमालांची नावंही कुठे नाहीत. मला सोन्यापेक्षा हे जास्त खटकतं, पण गप्पांमध्ये सगळे सोन्याचंच विचारतात.

भायखळ्याहून स्लो लोकल पकडा, फास्ट सँडहर्स्ट रोडला थांबत नाही. तिथे जिना चढून हार्बरच्या फलाटावर जा आणि डॉकयार्ड रोडला उतरा. पुढे टॅक्सीने भाऊचा धक्का. मासळीच्या पाण्याने जमीन निसरडी असते, चप्पल घट्ट हवी. उरणजवळच्या मोरा बंदराची लाँच घ्या. लाँच सुटल्यावर दक्षिणेकडे क्रेन आणि कंटेनरचे ढीग दिसतात, ती डॉकची बाजू. पावसाळ्यात लाँच रद्द होऊ शकते, आधी चौकशी करा. सुटे पैसे आणि टोपी जवळ ठेवा.