गोव्याला मीच पाठवलं होतं

आमच्या बेळगावच्या वडगावात अजून घरोघरी माग आहेत, आमच्यात पण दोन पॉवरलूम होते, आता एकच चालतोय. त्या मागाखालच्या कांड्यांच्या खोक्यात हात घातला की क्वार्टर लागायची, अर्धी भरलेली, वरनं फडकं गुंडाळलेलं, म्हणजे कांड्यांवर आपटून आवाज यायला नको. पहिल्यांदा सापडली तेव्हा मला धाकट्या भावाचा राग आलाच नाही, माझाच आला. कारण त्याला गोव्याला मीच पाठवलं होतं.

आयटीआय झालेलं, इथं सूत महाग आणि साड्यांना गिऱ्हाईक नाही, तर मीच त्याच्या मागं लागले की वेर्ण्याला फॅक्टरीत आपल्या गल्लीतली तीन पोरं आहेत, एकच खोली आहे, जा. आईला नको होतं, मी आईशी भांडले. दोन वर्षांनी परत आला तो सकाळी चहाचा कप दोन हातांनी धरायचा. आई एका शब्दानं मला बोलली नाही आणि ते न बोलणंच मला जास्त लागलं.

मग रोज रात्री तेच. पाठवलं नसतं तर, लवकर परत बोलावलं असतं तर, त्या दिवाळीला तो गप्प गप्प होता तेव्हाच विचारलं असतं तर. आणि ह्या विचारांनी मी नुसती रडत बसले असते तर एक वेळ चाललं असतं, खरं मी काय केलं, त्याच्या मालकाला फोन करून ताप आलाय म्हणून सांगायचं, उधारी भागवायची, पतसंस्थेचं त्याचं कर्ज माझ्या बांगड्या ठेवून फेडलं. त्याला पण ते कळलं होतं. पैसे पाहिजे असले की एकच वाक्य, "तूच पाठवलंस न्हवं मला?" की माझा हात पर्सकडे.

माळ घालून झाली. माळ घातल्यावर कायमची सुटलेली माणसं आमच्या गल्लीत आहेत, त्यांना माझा नमस्कार. ह्यानं तीन आठवड्यांनी स्वतःच काढली आणि विठोबाच्या फोटोला अडकवली, माळ गळ्यात ठेवून प्यायची नाही एवढी लाज त्याला होती, ते बघून मला आणखी भडभडून आलं. सौंदत्तीला नवस पण झाला.

शेवटी एकदा मी आणि ह्यांनी मिळून त्याला खोलीत कोंडलं. दोन दिवस दारू बंद, बघू काय होतंय. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला फिट आली, दात बसले, तोंडातनं फेस. ॲडमिट केल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केलं की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास होतात, माणूस भ्रमिष्टासारखा करतो, जीव पण जाऊ शकतो, म्हणून हे दवाखान्यात औषधं देऊनच करायचं. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात कोंडायचं असेल तर हात जोडून सांगते, नका करू.

तिथनं धारवाड, डिमहान्स, म्हणजे मानसिक आजारांचा सरकारी दवाखाना. फॉर्म कन्नडमध्ये, माझं कन्नड बाजारापुरतं. समुपदेशन करणाऱ्या बाई मात्र हळूहळू बोलायच्या. मी गोव्याचं सगळं सांगितलं, फिटचं पण. त्यांनी फक्त विचारलं, त्या खोलीत चौघं होते न्हवं, बाकीचे तिघं काय करतात? मी मोजायला लागले. एक शिवत पण नाही. दोघं शनिवारी घेतात आणि सोमवारी कामावर असतात. खोली तीच, फॅक्टरी तीच, दुकान पण तेच. मग विचारलं, घरात आधी कुणी? मामा. मामा सारायीची, म्हणजे स्वस्त देशी दारूची, पाकिटं प्यायचा, २००७ ला सरकारनं कर्नाटकात सारायी बंद केली तर तो व्हिस्कीवर गेला, आणि त्याला तर कुणी गोव्याला पाठवलं नव्हतं! बाई म्हणाल्या, ह्यात रक्तातनं येणारा वाटा जवळपास निम्मा असतो, आणि डोक्यातली ओढ एकदा बसली की शपथेनं उठत नाही, तो आजार आहे. मग म्हणाल्या, "इदु निम्म तप्पल्ल, अक्का." ही तुमची चूक नव्हे. इतक्या वर्षांत हे मला कुणी मराठीत सांगितलं नव्हतं.

दारुड्यांच्या घरच्यांसाठी अमेरिकेत १९५१ मध्ये अल-ॲनॉन नावाचा गट सुरू झाला, त्यांचं म्हणणं पण बाईंनी सांगितलं, हे आपण आणलेलं नाही, आपल्याला ते ताब्यात ठेवता येत नाही आणि बरं पण करता येत नाही. पहिलं ऐकून मी रडले. तिसरं ऐकून राग आला, मग आम्ही काय नुसतं बघत बसायचं काय? तो राग जायला मला सहा महिने लागले.

कोंडणं माझी चूकच होती, ती मी टाळत नाही. उधाऱ्या भागवणं पण. खरं त्या चुका मी केल्या कारण पहिली चूक माझी म्हणून मी धरून बसले होते. ते सुटलं तसं मालकाला खोटे फोन करणं सुटलं. अजून वाईट रात्री येतात, तेव्हा मी १४४१६ ला फोन लावते, टेली-मानस, मनाच्या त्रासासाठी सरकारची हेल्पलाइन, फुकट आहे, पेशंटच्या घरच्यांनी केला तरी चालतो.

परवा रात्री दहाला त्याचा फोन आला, अक्का पाचशे फोनपे कर. मी म्हटलं जेवायला ये, भाकरी आहे, आमटी आहे, पैसे नाहीत. थोडा वेळ गप्प, मग तेच वाक्य. मी म्हटलं, हो रे बाळा, पाठवलं मी, नोकरीला पाठवलं. माझा आवाज कापत होता. त्यानं फोन ठेवला. आला नाही, आमटी फ्रीजमध्ये ठेवली आणि झोप पण लागली मला.

सोमवारी धारवाडची तारीख आहे, सकाळी सहाची बस, त्याला मेसेज टाकून ठेवलाय. नाही आला तरी मी जाणार, बाईंना भेटायचं आहे. शक्ती योजनेत बायकांना बस फुकट, म्हणून मला तिकिटाचे पैसे नाहीत, आला तर त्याचं तेवढं काढायचं.