कावासाकीनंतर लेकीच्या हृदयाची वर्षं

ताप उतरला, बोटांची सालं निघून गेली, लेक अंगणात पळायला लागली आणि कावासाकीची, म्हणजे लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या आजाराची, आमची खरी काळजी तिथून सुरू झाली.

चार वर्षांची होती. भर मे महिना, त्यामुळे घरात सगळे म्हणाले, ऊन बाधलं. पण ताप पाच दिवस हटेना, डोळे लाल पण चिपडं नाहीत, ओठ फुटलेले, जीभ लालभडक. सात रस्त्याजवळच्या आमच्या बालरोगतज्ज्ञांनी हातापायांची सूज पाहिली आणि म्हणाले, "ताई, याची एकच अशी तपासणी नसते, लक्षणं जुळवून ओळखावं लागतं. आजच इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या." हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या डाव्या कोरोनरी धमनीचा झेड-स्कोअर, म्हणजे तेवढ्याच अंगाच्या मुलांच्या सरासरीपेक्षा ती किती रुंद आहे हे सांगणारा आकडा, ३.१ आला. म्हणजे लहान फुगवटा.

यावर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं, सलाईनसारखी शिरेतून किलोमागे २ ग्रॅम देतात. ती चौदा किलोची, म्हणजे २८ ग्रॅम, रात्रभर थेंब थेंब. औषध महाग आहे, पण ताप आल्यापासून दहा दिवसांच्या आत ते मिळालं तर फुगवटे येण्याचं प्रमाण साधारण २५ टक्क्यांवरून ५ टक्क्यांच्या आसपास येतं. हे कळल्यावर पैशांचा विचार आम्ही बाजूलाच ठेवला.

पुढे काय, हे मात्र कुणी एका दमात सांगत नाही. मी हृदयरोगतज्ज्ञांना विचारून विचारून समजून घेतलं. धमनी कधीच फुगली नाही, तर मूल बहुतेक वेळा वर्षभरात हृदयाच्या तपासणीतून मोकळं होतं. लहान फुगवटे बरेचदा एक-दोन वर्षांत मूळ मापावर येतात. झेड-स्कोअर १० च्या पुढे किंवा माप ८ मिलिमीटरहून जास्त असेल, तर गोष्ट वेगळी: गुठळी होण्याची, पुढे धमनी अरुंद होण्याची भीती, म्हणून रक्त पातळ करणारी औषधं आणि आयुष्यभर देखरेख.

आमची मधली गत होती. रोज थोडी अ‍ॅस्पिरिन. ती चालू असताना तापाला आयब्युप्रोफेन द्यायचं नाही, फ्लूची लस चुकवायची नाही, कांजिण्यांची साथ असली तर लगेच फोन करायचा. गोवर आणि कांजिण्यांची लस इम्युनोग्लोब्युलिननंतर ११ महिने लांबली. शाळेत बाईंना सांगावं लागलं, कारण नातेवाइकांनी तिला "हार्टची पेशंट" ठरवून टाकलं होतं आणि मला ती बाकावर बसून राहिलेली नको होती. डॉक्टरांनी खेळायला पूर्ण परवानगी दिली होती.

दुसऱ्या वर्षीच्या इकोत धमनी नॉर्मल मापात आली. सासूबाईंनी सिद्धेश्वराला नारळ वाढवला. डॉक्टरांनाही आनंद झाला, पण ते स्पष्ट बोलले: फुगवटा बसला तरी त्या जागची भिंत पूर्वीसारखी असेलच असं नाही. अ‍ॅस्पिरिन बंद, तपासणी चालू. मोठेपणी रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन सांभाळायचं, तंबाखूला हात लावायचा नाही.

ज्यांच्या मुलाला नुकतंच हे निदान झालंय त्यांना माझं एवढंच सांगणं: इकोच्या रिपोर्टवर नुसतं "नॉर्मल" लिहून घेऊ नका. प्रत्येक धमनीचं मिलिमीटरमधलं माप आणि झेड-स्कोअर मागून घ्या. मूल वाढतं तशी धमनीही वाढते, नुसत्या मापावरून फरक कळत नाही. सगळ्यांत मोठा झेड-स्कोअर किती होता, तो फाईलच्या पहिल्या पानावर लिहा. माझी लेक विशीत गेली की तिच्या डॉक्टरांना तोच आकडा लागणार आहे, आणि तेव्हा फाईल तिच्याच हातात असेल.