दूध बाधणारं बाळ: अंगावर पाजणं आणि वरचं अन्न

बाळ फक्त अंगावर पितंय, वजन नीट वाढतंय, ताप नाही, खेळतंय. तरी शीमध्ये शेंबडासारखा चिकट भाग आणि त्यात रक्ताचे बारीक धागे. आमच्याकडे सुरुवात अशीच झाली. अशा बाळांमध्ये बहुतेक वेळा कारण निघतं ते गाईम्हशीच्या दुधातलं प्रथिन. आईने खाल्लेल्या दुधा-दह्यातली बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन आणि केसीन ही प्रथिनं अगदी थोड्या प्रमाणात तिच्या दुधात उतरतात आणि बाळाच्या आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज येते. त्यासाठी अंगावर पाजणं थांबवायचं कारण नाही. थांबवायचं ते आईच्या ताटातलं दूध.

घरात पहिला गोंधळ होतो लॅक्टोजचा. लॅक्टोज ही दुधातली साखर. ती आईच्या दुधात असतेच, आईच्या जेवणाने कमीजास्त होत नाही. म्हणून लॅक्टोज नसलेलं दूध आणून उपयोग नाही. प्रथिन त्यातही असतंच. शेळीचं दूध हलकं म्हणून हमखास सुचवलं जातं, पण त्यातली प्रथिनं गाईच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती असतात की बहुतेक बाळांना तेही बाधतं. म्हशीच्या दुधाचंही तेच.

रक्ताच्या तपासणीवर फार विसंबता येत नाही. हा प्रकार आयजीई प्रतिपिंडांमुळे (लगेच उठणाऱ्या ॲलर्जीमागे असतात ती) होत नाही, त्यामुळे आयजीईची चाचणी आणि त्वचेवर टोचून करायची चाचणी बहुधा काहीच दाखवत नाही. बाळाला ताप, उलट्या, पोटफुगी किंवा वजन घटणं नाही, गुदद्वाराशी चीर नाही, एवढं बालरोगतज्ज्ञांनी बघितलं की खरी परीक्षा ताटातच होते. आईने दूध आणि दुधाचे सगळे पदार्थ दोन ते चार आठवडे पूर्ण बंद करायचे, आणि फरक पडल्यावर ते पुन्हा खाऊन बघायचे. रक्त परत दिसलं तर कारण पक्कं. हा दुसरा भाग बहुतेक घरांत गाळला जातो. ‘आत्ता कुठे थांबलंय, कशाला हात लावता,’ असं सगळेच म्हणतात. पण काही बाळांमध्ये रक्त आपोआपही थांबतं, आणि पुन्हा खाऊन पाहिलं नाही तर आई महिनोन् महिने विनाकारण पथ्यात राहते.

या सगळ्यात माझं ठाम मत एकच आहे: पथ्याची यादी होईल तितकी लहान ठेवायची. यादीत नाव घालायचं तर त्याला पुरावा हवा. दूध, गहू, अंडं, सोया, दाणे, डाळी असं सगळं एकदम सोडणारी आई अशक्त होते, आणि नेमकं काय बाधत होतं ते तरीही कळत नाही. दूध नीट बंद करूनही फरक नसेल तर पुढचा संशय सोयाबीन किंवा अंडं, तोही एका वेळी एकच, डॉक्टरांशी बोलून.

बंद म्हणजे काय काय? दूध, दही, ताक, पनीर, खवा, चहातलं दूध हे उघड आहे. तुपात प्रथिनाचा अंश राहतो, म्हणून परीक्षेच्या काळात तूपही नाही. बाळंतिणीचे डिंकाचे आणि अळिवाचे लाडू तुपातच असतात. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवून, ओलं खोबरं आणि गूळ घालून तुपाशिवाय छान होतात. बिस्किटं, ब्रेड, तयार सूप, काही प्रोबायोटिक पुड्या यांत दूध लपलेलं असतं. पाकिटावर मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीनेट हे शब्द शोधायचे. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमांनुसार पाकिटावर ॲलर्जीकारक घटक वेगळे लिहावे लागतात आणि त्यांत दूध येतं, त्यामुळे ती ओळ आधी वाचायची. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी; दूधविरहित नव्हे.

आईच्या पोषणाकडे मात्र कोणी बघत नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याचीच. पाजणाऱ्या आईला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीच्या पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम असतं, म्हणजे दोन भाकऱ्या झाल्या. वर मोठा चमचाभर तीळ खाल्ले तर आणखी शंभरेक. तरीही निम्मं राहतंच. ते गोळ्यांनी भरून काढावं लागतं, आणि कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीबरोबर घ्यायची नाही, दोन्हींत काही तासांचं अंतर हवं. दुसरी गोष्ट बी-१२. शाकाहारी घरात त्याचा मुख्य आधार दूधच. ते बंद झालं आणि पूरक गोळी नसली, तर आईच्या दुधातही बी-१२ कमी पडतं; बाळ सुस्त होतं, शिकलेल्या हालचाली विसरू लागतं. डॉक्टरांनी विचारलं नाही तर आपण विचारावं. बाळाला ड जीवनसत्त्वाचे रोजचे ४०० आययू थेंब द्यायचेच.

सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न सुरू करायचं. बाळाला काही बाधतं म्हणून ते लांबणीवर टाकायचं नाही. आपल्याकडे उष्टावण खिरीने होतं, आणि नेमका तोच घास इथे चालत नाही. खीर नारळाच्या दुधात करता येते, नाहीतर मऊ भात आणि मुगाचं वरण. गूळ-साखर, मीठ पहिल्या वर्षात नको, मध तर अजिबात नको. बाळगुटी घरात असेल तर त्यात बदाम, खारीक, मुरुडशेंग असं बरंच एकत्र उगाळलेलं असतं. काही बाधलं तर कशाने ते कळायला मार्ग उरत नाही. गुटी बंदच ठेवलेली बरी. मेतकुटाचंही असंच. त्यात हरभऱ्याची डाळ, उडीद, तांदूळ, गहू, मोहरी सगळं असतं, आणि बाजारच्या हिंगातही बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. हे पदार्थ सुटे सुटे देऊन झाल्यावरच मेतकूट.

नवा पदार्थ सकाळी द्यायचा, बाळ बरं असताना, दवाखाना उघडा असेल अशा दिवशी. पाव चमचा, दहा-पंधरा मिनिटं थांबून बाकीचं दोन-तीन चमचे. या प्रकारात त्रास उशिरा, कधीकधी दोन-तीन दिवसांनी दिसतो. म्हणून अंडं, गहू, सोया, दाणे, मासे यांच्या मध्ये तीन दिवस सोडायचे. पण दुधी, भोपळा, गाजर, रताळं, केळं, पपई यांना हा नियम लावला तर बाळाचं ताट महिनोन् महिने रिकामं राहील. भाज्या-फळं रोज एक नवी दिली तरी चालतं.

प्रमाण साधारण असं: सहा ते आठ महिन्यांत दिवसाला दोन-तीन वेळा, दोन-तीन मोठ्या चमच्यांपासून वाढवत २५० मिलिलिटरच्या वाटीच्या निम्म्यापर्यंत. नऊ ते अकरा महिन्यांत अर्धी वाटी, तीन-चार वेळा, आणि मध्ये एखादा खाऊ. अन्न चमच्यावरून ओघळलं तर ते पातळ आहे, त्यात पाणीच जास्त. तुपाऐवजी प्रत्येक वाटीत लहान चमचाभर खोबरेल किंवा तिळाचं खाण्याचं तेल घालायचं. नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणून, सावलीत वाळवून, हलकी भाजून दळली की लोह अंगी लागायला मदत होते. या मोडाच्या पिठात स्टार्च फोडणारं विकर असतं. शिजलेल्या घट्ट खिमटात ते चमचाभर घालून पुन्हा उकळलं की खिमट पाणी न घालता सैल होतं. कमी खाणाऱ्या बाळासाठी ही फार उपयोगी युक्ती आहे. तरी नाचणी-डाळीवर लोहाची गरज भागत नाही. अंडं, मासे, मटण-चिकनचं वाटण चालत असेल तर ते द्यावं, नाहीतर वरणावर लिंबू पिळावं. सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोह-फॉलिक ॲसिडचं सिरप असतं, ते चुकवू नये.

अंडं आणि दाणे मुद्दाम उशिरा देण्याचा सल्ला आता जुना झाला. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लीप अभ्यासात, जास्त धोका असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच नियमित दाणे दिल्यावर दाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाली. बाळाला तीव्र इसब असेल तर आधी तपासणी. नसेल तर भाजलेल्या दाण्यांचं अगदी बारीक कूट खिमटात पूर्ण कालवून द्यायचं. भरड कूट घशात अडकतं. एकदा चालतंय असं दिसलं की आठवड्यातून दोन-तीनदा द्यायचं, मध्येच सोडायचं नाही. अंडं पूर्ण उकडलेलं, पिवळा आणि पांढरा दोन्ही भाग.

दोन प्रसंगांत वाट बघायची नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी, ओठ किंवा डोळे सुजणं, श्वासाला घरघर: लगेच १०८. दुसरा प्रसंग कमी माहीत असतो. खाऊन एक ते चार तासांनी उलटीवर उलटी, बाळ पांढरंफटक आणि मलूल. याला एफपाईज म्हणतात, आणि आपण सगळ्यात निर्धोक समजतो तो तांदूळही त्याचं कारण असू शकतो. अंगावर गांधी नसल्यामुळे हे पोटाचं इन्फेक्शन समजलं जातं. काय खाल्लं आणि किती वाजता, हे डॉक्टरांना सांगितलं तरच निदान होतं. तो पदार्थ घरी पुन्हा देऊन बघायचा नाही.

वहीत तीन रकाने पुरतात: बाळाने काय खाल्लं, आईने नवीन काय खाल्लं, शी कशी होती. शीचा फोटो काढून ठेवायचा. बीटाने शी लाल होते, लोहाच्या सिरपने काळपट-हिरवी, केळ्याचे काळे दोरे दिसतात, गाजराचे तुकडे तसेच येतात. यातलं काहीही ॲलर्जी नव्हे. घट्ट शीच्या बाहेरून लागलेलं ताजं लाल रक्त बहुधा चिरेचं असतं. एकाच फोटोवरून पदार्थ यादीतून काढायचा नाही.

वरचं अन्न वाढलं तरी पाजणं चालूच ठेवायचं. वर्षापर्यंत मुख्य दूध आईचंच. आठव्या-नवव्या महिन्यात बाळ पिता पिता मान वळवतं, दोन घोट घेऊन रांगायला लागतं. ते आपणहून सोडतंय असं समजू नये. अंधाऱ्या, शांत खोलीत, झोपेतून उठल्याबरोबर किंवा पेंगुळल्यावर पाजलं की पोटभर पितं. कामावर जाणाऱ्या आईला काढून ठेवलेलं दूध खिमटात घालता येतं. उकळायचं नाही, खिमट कोमट झाल्यावर मिसळायचं.

किमान सहा महिने दूध बंद ठेवल्यावर, साधारण नऊ ते बारा महिन्यांच्या वयात, दूध परत आणायचं. आधी आईच्या ताटात. बाळ ठीक राहिलं की बाळाच्या. ज्यांना गांधी, सूज किंवा एफपाईज झालं आहे त्यांनी हे घरी करायचं नाही, रुग्णालयातच. बाकीच्यांसाठी पायऱ्या आहेत, कारण कणकेत मिसळून भट्टीत भाजल्यावर दुधाचं प्रथिन बरंच निवळतं. कणीक, तेल आणि कुस्करलेलं केळं यांच्या वीसेक छोट्या बिस्किटांच्या पिठात चहाचा एकच चमचा दूध पावडर, १८० अंशांवर पूर्ण भाजून. पहिल्या दिवशी पाव बिस्किट, मग अर्धं, मग एक. ते आठवडाभर पचलं की दूध घातलेला केक, मग दूध घातलेलं धिरडं, मग पनीर, मग दही, शेवटी दूध. धिरड्याला आच कमी वेळ लागते म्हणून ते केकच्या नंतर. सर्दी-ताप, जुलाब किंवा लस चालू असताना नवी पायरी चढायची नाही. रक्त दिसलं तर एक पायरी खाली यायचं, महिना-दोन महिने तिथेच राहायचं आणि पुन्हा बघायचं. खालच्या पायरीवरचा पदार्थ मात्र चालू ठेवायचा.