डायरीवरचा प्लॉट

आज आत्याबरोबर इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्याच्या पुढे एक प्लॉट बघून आलो. मोठं गेट, चुन्याच्या रेघा, बाकी शेतच. दलाल म्हणाला, "परवानगी येतेच आहे. आत्ता डायरीवर घ्या, रेरा आला की भाव चढेल." रेरा म्हणजे घर-प्लॉटच्या प्रकल्पांची सरकारी नोंदणी. अर्धे पैसे रोख मागत होता.

डायरी हा आपल्या इंदूरचा जुना रोग. रोख द्यायची, वहीत नोंद, रजिस्ट्री पुढे कधीतरी. आणि तीच डायरी लोक नफ्यावर पुढे विकतात! स्वस्तात घेऊन भाव वाढल्यावर विकण्यात काहीच गैर नाही, पण जे कागदावर आपलं नाहीच ते कसं विकायचं?

मी रेरा क्रमांक मागितला. तो विषय बदलू लागला. २०१६ च्या रेरा कायद्याने एवढ्या मोठ्या कॉलनीत नोंदणीआधी बुकिंगच घेता येत नाही, आणि नोंदणीकृत कराराशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कमही नाही. जमिनीसाठी २०,००० किंवा जास्त रोख घेणंही बेकायदा. हे मी त्याच्यासमोरच आत्याला सांगितलं.

परतताना ती गप्प होती. राजवाड्यापाशी म्हणाली, "मुलगा किती गोड बोलत होता रे." तिची पेन्शनची पुंजी आहे ती. मला अजून धडधडतंय.