वीस घनसेंटिमीटर

अंधेरीतल्या एका इमारतीच्या पायासाठी मारलेल्या बोअरचे कोअर, म्हणजे ड्रिलने काढलेले दगडाचे दंडगोल, आमच्या प्रयोगशाळेत आले, तेव्हा जुलैचा पाऊस लागून राहिला होता. काळा, घट्ट बेसॉल्ट. हातोडीने हलकेच वाजवला तर खणखणीत बोलणारा. घनता काढायचं काम माझ्याकडे होतं.

नमुना 105 अंशांवर 24 तास ओव्हनमध्ये वाळवायचा, गार करून कोरडं वजन घ्यायचं. मग त्यात पाणी मुरवायचं आणि आणखी दोन वजनं घ्यायची. एक काट्याखाली पाण्यात लटकवून, दुसरं ओल्या फडक्याने पुसून. या दोन वजनांच्या फरकावरून घनफळ कळतं. पावसाळ्यात खरी कसोटी गार करताना लागते. नमुना उघड्यावर ठेवला तर मुंबईची हवा लगेच त्यात शिरते, म्हणून डेसिकेटर, आतली हवा कोरडी ठेवणारं झाकणाचं काचपात्र. त्यातली ओलावा शोषणारी निळी सिलिका जेल त्या आठवड्यात दोनदा ओलाव्याने गुलाबी पडली आणि दोन्ही वेळा प्रयोगशाळेतल्या मदतनीस मामांनी ती न सांगता ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा भरून ठेवली.

एकाच कोअरच्या तुकड्यांची घनता 2.84, 2.85, 2.84 ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर अशी येत होती. आणि मधलाच एक आला 2.52.

मी आधी स्वतःवरच संशय घेतला. दगडाला चिकटलेले हवेचे बुडबुडे मऊ ब्रशने काढले. दोऱ्याचं वजन वजा केलं. पाण्याचं तापमान पाहिलं, 29 अंश. त्या तापमानाला पाण्याची घनता 0.996 धरावी लागते. 1 धरली तर उत्तर 0.01 ने चुकतं. इथे चूक 0.32 ची होती. पंखा बंद केला, लोकल जाऊन काट्याचा शेवटचा आकडा थरथरायचा थांबेपर्यंत श्वास धरून उभी राहिले. कोरडं 443.3 ग्रॅम, पाण्यात 270.7, पुसून 445.9. पुन्हा 2.52.

"तुकडा बदलला असेल," सर म्हणाले. पण कोअरवरचा रंगाने घातलेला नंबर बरोबर होता आणि शेजारच्या तुकड्याशी तुटलेली कड चपखल बसत होती. पाणीही जेमतेम अडीच ग्रॅम मुरलं होतं, म्हणजे बाहेरून उघडी छिद्रं जवळजवळ नव्हतीच. मी कागदावर मांडलं: 2.84 च्या दगडाला 443.3 ग्रॅमसाठी 156 घनसेंटिमीटर पुरतात. हा 176 अडवून बसला होता. वीस जास्तीचे. एका आवळ्याएवढी जागा, जिचं वजनच नाही.

"सर, आत पोकळी आहे. कापू दे."

हा तुकडा दाबक्षमतेच्या चाचणीला जायचा होता. सरांनी तो हातात फिरवून पाहिला, एकही भोक दिसत नव्हतं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "काप. तसाच प्रेसमध्ये गेला असता तर फुटला असता आणि आपण दगड कमकुवत म्हणून लिहिलं असतं."

मामांनी हिऱ्याचं पातं लावलं. पाण्याच्या धारेखाली राखाडी गाळ वाहू लागला. मध्यावर पात्याचा आवाज एकदम पोकळ झाला आणि मामांनी हात सैल सोडला. "आहे गं, पोरी."

दोन अर्ध्या झाल्या. आत लिंबाएवढी पोकळी, तिच्या भिंतीवर स्टिलबाइट या फिकट गुलाबी खनिजाचे पेंढीसारखे स्फटिक, ओले, चकाकणारे. सहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात अडकलेला वायूचा फुगा, आणि नंतर झिरपत आलेल्या पाण्याने त्याला आतून लावलेलं अस्तर. मालाडच्या खाणींतलं प्रेहनाइट हे हिरवं खनिज मी संग्रहालयाच्या काचेमागे पाहिलं होतं. असं काही माझ्याच काट्यावर दोन दिवस लटकत असेल हे मनातही आलं नव्हतं. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

संध्याकाळी दोन्ही अर्ध्या पुन्हा वाळवायला ठेवल्या. या वेळी पाण्यात सोडल्या तेव्हा पोकळीत पाणी भरलं, बुडबुड्यांची एक माळ वर आली आणि काटा स्थिरावला. उत्तर आलं 2.82. स्टिलबाइट बेसॉल्टपेक्षा हलकं असतं, उरलेला फरक त्याचा. अहवालात मी 2.52 खोडलं नाही. त्याच्यापुढे लिहिलं: "बंद पोकळी, कापून खात्री केली."