दाखला घरी राहिला

आज वर्गात खोटं बोलले. एवढंसं खोटं, पण विश्रामबागेतून घरी येईपर्यंत सलत राहिलं.

पोरांना सांगितलं होतं, तुम्ही ‘इथले’ आहात हे दाखवणारा एक कागद आणा. स्कॅन करून प्रोजेक्टरनं भिंतीवर एकावर एक पाडायचे, मागे ज्याच्या त्याच्या आवाजात गावाचं नाव. आधार, रेशनकार्ड, सातबारा, सगळं आलं. पाटणकडच्या पोरानं आजोबांचा धरणग्रस्ताचा दाखला आणला. ११ डिसेंबर १९६७ला कोयनेची जमीन हादरली, त्याआधीच उठलेली माणसं ही. घडीवर कागद चिरलेला, मागून सेलोटेप, ती पिवळी पडून जांभळा शिक्का निम्मा खाल्लेला. स्कॅनमध्ये नेमकं गावाचं नाव उमटेना. पुन्हा करते म्हणून मी तो ठेवून घेतला. तेवढ्यात मागच्या बाकावरून, “मॅडम, तुमचा कुठला?”

“घरी राहिला.”

राहिला कसला! बॅगेतच होता. सेलमचा जन्मदाखला, तमिळमधला. तमिळला प आणि ब एकाच अक्षरात भागतं, त्यामुळे तो इंग्रजीत उतरवताना कुणीतरी आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, बाबूरावचं पापूराव करून टाकलं. डोमिसाईल काढताना पंधरा वर्षांच्या वास्तव्याच्या कागदांपेक्षा या पापूरावनंच जास्त घाम काढला होता. दादाचं तर आणखी वेगळंच. जाऊ दे.

आपल्याकडे नागरिकत्व एकच, राज्याचं निराळं नसतं, हे पहिल्या तासाला फळ्यावर मीच लिहिलेलं. कलम १९ पण लिहिलं: देशात कुठंही राहा, कुठंही वस्ती करा. आबांनी ते न वाचताच केलं.

मग का नाही दाखवला? लाज म्हणावी, तर गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, भट्टीचे आवाज गोळा करत तीन महिने गावोगाव हिंडले नसते. पण ते आवाज दुसऱ्यांच्या भट्टीचे होते. दुसऱ्याच्या आजोबांचा फाटका कागद भिंतीएवढा करताना माझा हात अडखळला नाही. सेलमला आम्ही सेठ, विट्याच्या शाळेत मी मद्राशीण. वाटलं, आज पुन्हा कुणीतरी हसेल. एकविसाव्या वर्षाची पोरं ती, हसलीही नसती. आणि हसली असती तर काय?

रात्री आईला फोन केला. सगळं ऐकून म्हणाली, “त्यात काय लपवायचं? पापूराव तर पापूराव. दुकानात कुणी नाव इचारलं न्हाई त्यांना, सोन्याचा टंच, कस तेवढा इचारायचे.”

हसू आलं. फोन ठेवून दाखला स्कॅन केला आणि कपाटाच्या दारावर पाडून बघितला. पापूराव चांगले दोन फूट रुंद. हँडलची सावली बरोबर ‘पा’वर पडत होती, प्रोजेक्टर जरा सरकवला.

त्या पोराचा दाखला टेबलावर आहे. तो मात्र खरंच घरी राहिलाय. उद्या आठच्या तासाला परत द्यायचाय, आत्ताच बॅगेत टाकते.